आटेपाडणी, लहान धातुभागांतील

धातूच्या भागात गिरमिटाने छिद्र पाडून त्या छिद्राच्या आतील भिंतीवर सर्पिल खाच कापणे, या क्रियेला आटेपाडणी म्हणतात. मळसूत्राच्या दांड्यावर बाहेरच्या बाजूस असलेल्या आट्यांना बाह्य आटे व छिद्रात कापलेल्या आट्यांना आंतर आटे अशी नावे आहेत. आंतर आटे पाडण्याच्या हत्याराला टॅप व बाह्य आटे पाडण्याच्या हत्याराला डाय म्हणतात. लगतच्या दोन आट्यांमधील अंतर म्हणजे पिच होय. व्यास, पिच, आट्याच्या दोन बाजूंमधील कोन आणि आट्याचा माथा व तळ यांचा आकार या चार गोष्टी जुळल्या, तरच एका कारखान्यातील मळसूत्र दुसऱ्या कारखान्यातील नटात बसते. या चार गोष्टी जगभर एकसारख्या होण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. घड्याळे, मापन-उपकरणे, शिवणयंत्रे व हवाई बंदुका यांच्यातील बारीक मळसूत्रांच्या बाबतीत तर हे काम अधिकच अवघड ठरले. मोडलेले एखादे मळसूत्र बदलता येईल की संपूर्ण वस्तू टाकून द्यावी लागेल, हा त्यामागचा व्यावहारिक प्रश्न होता. हवाई बंदुकीचा इतिहास या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. या शस्त्रात कोंडलेल्या हवेचा किंवा दाबलेल्या स्प्रिंगेचा जोर मोजक्या मळसूत्री जोडांवर येतो आणि ते जोड ढिले झाले की बंदूक निकामी होते.

प्रारंभीचा इतिहास : सर्पिल खाचेचे तत्त्व ग्रीकांना माहीत होते. पाणी उचलण्याच्या सर्पिल पंपाशी आर्किमिडीज (इ. स. पू. तिसरे शतक) यांचे नाव जोडले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत तेल व द्राक्षरस काढण्यासाठी लाकडी मळसूत्राचे दाबयंत्र भूमध्य समुद्राच्या परिसरात प्रचारात आले होते. ॲलेक्झांड्रियाच्या हीरो यांनी लाकडाच्या ठोकळ्यात आंतर आटे कापण्याच्या एका साधनाचे वर्णन केले आहे. त्यास आजच्या टॅपचा पूर्वज म्हणता येईल. धातूची लहान मळसूत्रे मात्र यूरोपात पंधराव्या शतकात चिलखते, घड्याळे व बंदुका यांच्यात दिसू लागली. त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास जर्मनीत तयार झालेल्या एका सचित्र हस्तलिखितात आटे कापण्याच्या लेथचे चित्र आहे. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यांच्या टिपणवह्यांतही अशा यंत्राचे आराखडे आढळतात.

प्रत्यक्ष कारागिरीत मात्र प्रत्येक मळसूत्र स्वतंत्रपणे घडविले जाई. कारागीर आखून घेतलेल्या रेषेवरून कानशीने खाच काढी किंवा कठीण पोलादाच्या पट्टीतील आटेदार भोकातून तार पिळून घेई. छिद्रातील आटे पाडण्यासाठी अशाच एका मळसूत्राला कडा काढून व पाणी देऊन टॅप बनविला जाई. परिणामी प्रत्येक मळसूत्र केवळ स्वतःच्याच छिद्रात बसे. यंत्र उघडताना मळसूत्रांवर व त्यांच्या छिद्रांवर जोडीच्या खुणा करून ठेवाव्या लागत. एखादे मळसूत्र हरवल्यास ते पुन्हा घडविण्यासाठी मूळ कारागिराकडे किंवा त्याच्या हत्यारांकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे.

हवाई बंदूक व मळसूत्री जोड : आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हवाई बंदुकांपैकी एक सु. १५८० ची असून ती स्टॉकहोम येथील राजशस्त्रागाराच्या संग्रहालयात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत यूरोपातील सरदारांच्या शिकारीसाठी अशा बंदुका बनविल्या जात. त्यांना लष्करी महत्त्व बार्तोलोमेओ जिरांडोनी यांच्या रचनेमुळे आले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ही बंदूक १७८० मध्ये स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच दाबलेल्या हवेची टाकी असे. टाकी भरण्यासाठी हातपंपाचे सु. दीड हजार फटके मारावे लागत. टाकी रिकामी झाली की ती आट्यांवरून फिरवून काढीत व भरलेली दुसरी टाकी तेथे बसवीत. सु. २० गोळ्यांची नळी बाजूला असल्याने एकामागून एक बार काढता येत. धूर होत नसे व पावसातही ती निरुपयोगी ठरत नसे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती सैन्यातून मागे पडली. टाकीचे सांधे, चामड्याच्या चकत्या, झडपा व आटेदार जोड हे सर्व नाजूक होते आणि त्यांची दुरुस्ती सामान्य लोहाराच्या आवाक्याबाहेरची होती.

याच काळात अशा एका बंदुकीची दुरुस्ती अरण्यात झाल्याची विश्वसनीय नोंद आहे. मेरिवेदर ल्युइस व विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेने १८०३ ते १८०६ या काळात अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिक महासागर गाठला. ल्युइस यांच्याजवळ एक हवाई बंदूक होती. ती जिरांडोनी पद्धतीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तिची मुख्य स्प्रिंग जॉन शील्ड्स या मोहिमेतील लोहार-बंदूककारागिराने बदलल्याचे ल्युइस यांनी १० जून १८०५ च्या टिपणात लिहिले असून या माणसाच्या कल्पकतेचे ऋणही मान्य केले आहे. पुढील वर्षीच्या २० मार्चच्या टिपणातील मजकूर आटेपाडणीच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एका सार्जंटच्या बंदुकीच्या घोड्याचे मळसूत्र मोडले होते. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत ती बंदूक घडली, तेव्हाच तयार करून घेतलेले जादा मळसूत्र तेथे बसविण्यात आले. असे जादा भाग व शील्ड्स यांचे कसब हाताशी नसते, तर मोहिमेतील बहुतेक बंदुका एव्हाना निकामी झाल्या असत्या, असे ल्युइस यांनी नमूद केले आहे. कारखान्यापासून हजारो किलोमीटर दूर एका बोटभर मळसूत्रावर माणसांचे अन्न व संरक्षण अवलंबून होते. मात्र ते मळसूत्र त्या बंदुकीसाठीच घडविलेले होते. कोणतेही मळसूत्र कोणत्याही बंदुकीस चालावे, ही अवस्था अद्याप दूर होती.

लेथ व अचूक मळसूत्र : इंग्लंडमध्ये जॉब व विल्यम वायट या बंधूंनी १७६० मध्ये लाकडात बसणाऱ्या स्क्रूंच्या यांत्रिक उत्पादनाचे एकस्व घेतले. खगोलीय उपकरणांचे निर्माते जेसी रॅम्सडेन (१७३५–१८००) यांनी १७७० नंतरच्या दशकात वर्तुळाचे अंश आखण्याचे यंत्र बनविताना अतिशय अचूक मळसूत्रे कापली. या प्रयत्नांना कारखान्याच्या कामाचे रूप हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) यांनी दिले. त्यांनी १८०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या लेथमध्ये कर्तन-हत्यार सरकत्या आधारावर पक्के बसविलेले असे व एक मार्गदर्शक मळसूत्र त्यास ठराविक गतीने पुढे सरकवी. दंतचक्रे बदलली की त्याच यंत्रावर निरनिराळ्या पिचचे आटे कापता येत. त्यामुळे कारागिराच्या हाताची चूक मळसूत्रात उतरणे थांबले. मॉडस्ले यांनी बनविलेले एक मळसूत्र ५ फूट लांब व २ इंच व्यासाचे होते आणि त्यावर दर इंचास ५० आटे होते. त्याचा नट १२ इंच लांब होता, म्हणजे त्यात एकाच वेळी ६०० आटे अडकत. इतके आटे अडथळ्याविना फिरण्यासाठी पिचमधील चूक किती अल्प असली पाहिजे, याची कल्पना यावरून येते.

मॉडस्ले यांच्या कर्मशाळेत काम केलेले जोसेफ क्लेमंट (१७७९–१८४४) यांनी चार्ल्‌स बॅबेज यांच्या गणकयंत्राचे भाग घडविले. त्यांनी प्रत्येक व्यासासाठी दर इंचास ठराविक संख्येचे आटे ठरवून त्याप्रमाणे टॅप व डाय तयार केले. टॅपची मूठ आट्यांपेक्षा बारीक ठेवण्याची सुधारणाही त्यांचीच. त्यामुळे आटे पाडून झाल्यावर टॅप उलटा फिरवून काढण्याऐवजी छिद्रातून खाली पडू देता येतो.

प्रमाणीकरण : मॉडस्ले व क्लेमंट या दोघांच्याही हाताखाली शिकलेले जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी इंग्लंडमधील अनेक कर्मशाळांतून मळसूत्रांचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे एकसमान आट्यांची योजना मांडली. तीत आट्याचा कोन ५५° असून माथा व तळ गोलसर होते. योजना सरासरीवर आधारलेली असल्याने कोणत्याही कारखान्यास फार मोठा बदल करावा लागला नाही. रेल्वे कंपन्यांनी ती स्वीकारली आणि रेल्वेबरोबर ती ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र पोचली. मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या रेल्वे कर्मशाळांमधून व कापड गिरण्यांमधून विलायती यंत्रांबरोबरच व्हिटवर्थ आट्यांचे टॅप व डायही महाराष्ट्रातील कारागिरांच्या हाती आले.

अमेरिकेत विल्यम सेलर्स (१८२४–१९०५) यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियातील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटपुढे वेगळी योजना मांडली. व्हिटवर्थ यांचा गोलसर माथा घडविणे कष्टाचे आहे व त्यासाठी निष्णात कारागीर लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी ६०° कोन व सपाट माथा सुचविला. असा आटा एकाच साध्या हत्याराने कापता येतो व कोन तपासणेही सोपे असते. अशा रीतीने दोन मोठ्या औद्योगिक राष्ट्रांचे मार्ग वेगळे झाले. उदाहरणार्थ, अर्धा इंच व्यासाच्या बोल्टावर व्हिटवर्थ पद्धतीत दर इंचास १२, तर सेलर्स पद्धतीत १३ आटे असत. परिणामी एकाच व्यासाचे असूनही ते परस्परांच्या नटात बसत नसत.

छिद्रणाच्या हत्यारातही याच सुमारास क्रांती झाली. पूर्वी सामत्याने किंवा हातयंत्राने फिरविले जाणारे चपट्या पात्याचे गिरमिट वापरीत. ते भरकटे व त्याचे छिद्र नेमक्या व्यासाचे होत नसे. स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ मध्ये पीळदार खाचांच्या गिरमिटाचे अमेरिकन एकस्व मिळविले. या खाचांमधून धातूचा किस आपोआप वर येतो व छिद्र सरळ आणि मापात राहते. आंतर आट्यांची गुणवत्ता मुळात छिद्राच्या मापावर अवलंबून असल्याने, बारीक आटेपाडणी घरगुती कर्मशाळेत शक्य होण्यास ही सुधारणा टॅपइतकीच कारणीभूत झाली. पुढे १९०० च्या सुमारास टेलर व व्हाइट यांनी विकसित केलेल्या द्रुतगती पोलादामुळे गिरमिटे व टॅप तापल्यावरही कठीण राहू लागले.

सूक्ष्म मळसूत्रे : व्हिटवर्थ व सेलर्स यांच्या योजना प्रामुख्याने मोठ्या यंत्रांसाठी होत्या. पाव इंचाहून बारीक मळसूत्रांच्या क्षेत्रात अराजकच होते. स्वित्झर्लंडमधील घड्याळ-व्यवसायात प्रत्येक निर्मात्याची स्वतःची आटेपट्टी असे. जिनीव्हा येथील प्राध्यापक मार्क थ्यूरी यांनी १८७८ मध्ये प्रचारातील उत्तम मळसूत्रांचा अभ्यास करून त्यांच्यातील गणिती नियम शोधला. या मालिकेतील पहिल्या, म्हणजे ० क्रमांकाच्या मळसूत्राचा पिच १ मिमी. असून पुढील प्रत्येक क्रमांकाचा पिच आधीच्या पिचच्या नऊ-दशांश असतो. पिचच्या १·२ या घातांकास ६ ने गुणले असता व्यास मिमी.मध्ये मिळतो. ब्रिटिश असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेच्या समितीने १८८४ मध्ये हीच मालिका लहान मळसूत्रांसाठी पुरस्कारिली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘बी. ए.’ आटे म्हणतात. त्यांचा कोन ४७·५° आहे. ० बी. ए. चा व्यास ६ मिमी., २ बी. ए. चा ४·७ मिमी., ४ बी. ए. चा ३·६ मिमी., तर १० बी. ए. चा १·७ मिमी. आहे. इंचाच्या देशाने मीटर पद्धतीतील मापांवर आधारलेली ही मालिका स्वीकारावी, ही बाब लक्षणीय आहे. तारायंत्रे, दूरध्वनी, विद्युत् उपकरणे व नंतर रेडिओ यांत बी. ए. मळसूत्रे सर्रास वापरली गेली. द मॉडेल इंजिनियर हे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाल्यानंतर इंग्लंडमध्ये घरगुती कर्मशाळांची जी चळवळ वाढली, तिच्या हत्यारपेटीतही बी. ए. टॅपचा संच असे.

यूरोप खंडात १८९८ मध्ये झुरिक येथे भरलेल्या परिषदेने ६०° कोनाचे मेट्रिक आटे मान्य केले. मात्र ते ६ मिमी. व त्याहून अधिक व्यासासाठी होते. त्यामुळे बारीक मळसूत्रांचे क्षेत्र पुढेही काही काळ विस्कळितच राहिले.

कारखान्यातील हवाई बंदुका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बंदूक ही मुलांची व हौशी नेमबाजांची वस्तू बनली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पवनचक्क्या बनविणाऱ्या प्लिमथ येथील एका कंपनीने १८८८ मध्ये संपूर्ण धातूची हवाई बंदूक बनविण्यास सुरुवात केली. पुढे ही कंपनी डेझी या बंदुकीच्या नावानेच प्रसिद्धीस आली. बर्मिंगहॅम येथे लिंकन जेफ्रीझ यांच्या रचनेवरून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बी. एस. ए.) या कंपनीने १९०५ पासून हवाई रायफली बनविल्या. या बंदुकांत स्प्रिंग दाबून दट्ट्या मागे अडकविलेला असतो. चाप ओढताच दट्ट्या सिलिंडरमध्ये झेपावतो व त्याच्यापुढील हवा एकदम दाबली जाऊन छर्रा नळीतून बाहेर फेकला जातो. दर बाराबरोबर बसणाऱ्या उलटसुलट धक्क्यांमुळे दस्त्याची, चापसंचाची व दृष्टिवेधकाची मळसूत्रे ढिली होतात. ढिल्या मळसूत्रामुळे छिद्रातील आटे झिजतात आणि शेवटी गळून पडतात. हवाई बंदुकीच्या दुरुस्तीत लहान भागांचे छिद्रण व आटेपाडणी हे नित्याचे काम का होऊन बसले, हे यावरून कळते.

या कामातील खरी अडचण आट्यांच्या विविधतेची होती. इंग्रजी बंदुकांत बी. ए., व्हिटवर्थ, सायकलींसाठी ठरविलेले दर इंचास २६ आटे आणि कारखान्यांची खास मापे असे मिश्रण आढळते. जर्मन बंदुकांत मेट्रिक, तर अमेरिकन बंदुकांत इंची आटे असतात. काही आटे फसवे असतात. ० बी. ए. व ६ मिमी. मेट्रिक या दोन्ही मळसूत्रांचा व्यास ६ मिमी. व पिच १ मिमी. आहे. ती परस्परांच्या छिद्रांत जातातही. परंतु एकाचा कोन ४७·५° व दुसऱ्याचा ६०° असल्याने आट्यांच्या बाजू पूर्णपणे टेकत नाहीत व थोड्याच वापरात झिजतात. २ बी. ए. चे मळसूत्र (व्यास ४·७ मिमी., पिच ०·८१ मिमी.) ५ मिमी. मेट्रिक छिद्रात (पिच ०·८ मिमी.) सैलपणे फिरते, पण आवळताच आटे सोडते. म्हणून जाणकार कारागीर प्रथम सूक्ष्ममापकाने व्यास व पिचमापक पात्यांनी पिच तपासून मगच टॅप हाती घेतो.

कृती : आंतर आट्यांसाठी पाडावयाचे छिद्र मळसूत्राच्या व्यासापेक्षा लहान असावे लागते. मेट्रिक आट्यांसाठी व्यासातून पिच वजा करणे हा सोपा नियम आहे. ३ मिमी. व्यास व ०·५ मिमी. पिच असल्यास २·५ मिमी., ४ मिमी. व ०·७ मिमी. असल्यास ३·३ मिमी., तर ५ मिमी. व ०·८ मिमी. असल्यास ४·२ मिमी. चे गिरमिट लागते. छिद्र याहून बारीक ठेवल्यास आट्याची खोली वाढते. मात्र त्यामुळे जोडाची ताकद थोडीच वाढते व टॅप मोडण्याचा धोका पुष्कळच वाढतो.

छिद्राची जागा आखून तेथे सेंटर पंचाने खूण करतात, म्हणजे गिरमिट सरकत नाही. भाग शेगड्यात पक्का धरतात. त्याच्या तयार पृष्ठांवर ओरखडे पडू नयेत म्हणून जबड्यांवर तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमाचे पत्रे ठेवतात. छिद्रण यंत्राने काटकोनात छिद्र पाडून त्याच्या तोंडाची धार थोडी मारतात. हाताने वापरावयाच्या टॅपच्या संचात तीन टॅप असतात. पहिल्याचे टोक निमुळते असते व तो सरळ शिरतो, दुसरा मध्यम निमुळता असतो, तर तिसरा तळ बंद असलेल्या छिद्रात शेवटपर्यंत आटे पाडतो. टॅप छिद्राशी काटकोनात आहे याची गुण्याने खात्री करून तो पान्याने दोन्ही हातांनी समतोल दाब देत फिरवितात. दर अर्ध्या-पाऊण फेऱ्यानंतर तो थोडा उलट फिरवून किस तोडतात. पोलादासाठी कर्तन-तेल व ॲल्युमिनियमासाठी रॉकेल वापरतात. बिडाच्या व पितळेच्या भागांत बहुधा कोरडेच आटे पाडतात. पोलादी भागात मळसूत्र त्याच्या व्यासाइतके खोल गेले तरी पुरते. ॲल्युमिनियमासारख्या मऊ धातूत मात्र दीड ते दोन व्यासांइतकी खोली ठेवतात.

गळालेल्या आट्यांवर तीन उपाय आहेत. छिद्र मोठे करून वरच्या मापाचे आटे पाडणे हा पहिला, छिद्रात आटेदार गुडदी बसवून तीत मूळ मापाचे आटे पाडणे हा दुसरा आणि पोलादी तारेचे आटेदार वेटोळे बसविणे हा तिसरा उपाय होय. जुन्या बंदुकीचे मूळ स्वरूप राखावयाचे असल्यास पहिला उपाय टाळतात. छिद्रात मोडलेला टॅप कठीण पोलादाचा असल्याने गिरमिटाला दाद देत नाही. पितळेच्या भागात अडकलेले पोलादी मळसूत्र काढण्यासाठी घड्याळजी तो भाग तुरटीच्या गरम द्रावणात ठेवतात. तुरटीने पोलाद हळूहळू विरघळते व पितळ शाबूत राहते.

या दुरुस्तीला मर्यादाही आहेत. स्प्रिंगेची बंदूक उघडताना स्प्रिंग दाबून धरणारे साधन न वापरल्यास सिलिंडरच्या टोकाचा भाग उसळून गंभीर इजा होऊ शकते. आधुनिक टाकीच्या हवाई बंदुकांत हवेचा दाब वातावरणीय दाबाच्या सु. २०० पट असतो. अशा टाकीच्या भिंतीत नवे छिद्र पाडणे किंवा तिचे झिजलेले आटे घरी नव्याने कापणे अत्यंत धोक्याचे असून ते काम निर्मात्याकडेच सोपवावे लागते. चापसंचातील अडकणीच्या पृष्ठांनाही हात लावीत नाहीत. इंग्लंड व वेल्समध्ये १९६९ च्या नियमांनुसार विशेष परवान्याविना वापरावयाच्या हवाई रायफलीची ऊर्जा १२ फूट-पौंड (सु. १६ ज्यूल) या मर्यादेच्या आत असावी लागते. यामुळे दुरुस्तीनंतर ऊर्जा मोजून पाहणे हा तेथे दुरुस्तीचाच भाग मानला जातो.

आट्यांच्या विसंगतीचे परिणाम : आटे न जुळण्याची सर्वांत मोठी किंमत अमेरिकेतील बॉल्टिमोर शहराने मोजली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी तेथे भडकलेली आग विझविण्यासाठी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इ. शहरांतून बंब आले. पण अनेकांच्या नळ्यांचे आटे बॉल्टिमोरच्या पाणतोट्यांच्या आट्यांशी जुळेनात. पाणी होते, बंब होते, माणसे होती, परंतु जोड होत नव्हता. सु. ३० तास चाललेल्या या आगीत १,५०० हून अधिक इमारती व सु. १४० एकरांचा परिसर भस्मसात झाला. देशात अग्निशामक जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार प्रचारात असल्याचे नंतरच्या पाहणीत आढळले. १९०५ मध्ये या जोडांसाठी राष्ट्रीय मानक ठरविण्यात आले. परंतु मानक ठरणे व ते अंमलात येणे यांत अंतर असते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे लागलेल्या आगीतही स्थानिक पाणतोट्यांचे माप वेगळे असल्याने बाहेरून आलेल्या पथकांची अडचण झाली.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) हीच अडचण राष्ट्रांच्या पातळीवर उद्‌भवली. रोल्स-रॉइस कंपनीचे मर्लिन हे विमान-एंजिन अमेरिकेत बनविण्याचे काम पॅकार्ड कंपनीने घेतले. ब्रिटिश आट्यांचे टॅप व डाय तेथे उपलब्ध नसल्याने कंपनीला ते स्वतः तयार करावे लागले. दोन्ही देशांत बनलेल्या एंजिनांचे भाग एकमेकांत बसावेत, यासाठी सर्व मळसूत्रे ब्रिटिश पद्धतीचीच ठेवण्यात आली. युद्धातील अशा अनुभवांमुळे अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे ६०° कोनाच्या एकीकृत इंची आट्यांचा करार केला.

आंतरराष्ट्रीय मानके : आंतरराष्ट्रीय मानक संघटना (आय. एस. ओ.) १९४७ मध्ये स्थापन झाली. तिची पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समिती मळसूत्रांच्या आट्यांसाठीच नेमलेली आहे. या संघटनेने पुरस्कारिलेल्या मेट्रिक आट्यांत लहान व्यासांचाही समावेश झाला आणि बारीक मळसूत्रांना प्रथमच सर्वमान्य मालिका मिळाली. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९६५ मध्ये व्हिटवर्थ व बी. ए. आटे कालबाह्य होऊ घातलेले मानावेत व नव्या रचनांत वापरू नयेत, असे धोरण जाहीर केले. भारतात भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १९५६ च्या कायद्याने वजने व मापे यांची दशमान पद्धत स्वीकारल्यावर मेट्रिक आट्यांचा मार्ग मोकळा झाला. आय. एस. ४२१८ हे मेट्रिक आट्यांचे भारतीय मानक असून १९८७ पासून अशी मानके भारतीय मानक ब्यूरोतर्फे प्रसिद्ध होतात.

तथापि मानक बदलले म्हणून जुन्या वस्तू नाहीशा होत नाहीत. व्हिटवर्थ आट्यांची यंत्रे, बी. ए. मळसूत्रांची उपकरणे व खास आट्यांच्या हवाई बंदुका आजही वापरात आहेत. त्यांच्यासाठी लागणारे जुन्या मापांचे टॅप व डाय अद्याप बनविले जातात. जेथे तेही मिळत नाहीत, तेथे कारागीर लेथवर एकच मळसूत्र कापून घेतो. म्हणजे तो पुन्हा मॉडस्लेपूर्व काळातील कारागिराप्रमाणे एका छिद्रासाठी एक मळसूत्र घडवितो. फरक एवढाच, की त्याच्या हाती पिच, कोन व व्यास यांची अचूक मापे असतात आणि तो घडवीत असलेला भाग दुसऱ्या कोणासही तसाच पुन्हा घडविता येतो. प्रमाणीकरणाने कारागिराचे कसब अनावश्यक ठरविले नाही, तर एका माणसाचे कसब त्याच्या कर्मशाळेबाहेरही उपयोगी पडेल अशी सोय केली. शील्ड्स यांच्याजवळच्या पेटीतील जादा मळसूत्र एकाच बंदुकीच्या कामाचे होते, तर आज बाजारात मिळणारे ४ मिमी. चे मळसूत्र कोणत्याही देशात बनलेल्या तेवढ्याच मापाच्या छिद्रात बसते.